थंड पाण्यातल्या मुशीचा श्वास

टाकी लहान ठेवली की शार्कही लहानच राहतो, हा समज हौशी मत्स्यपालकांत अजून टिकून आहे. तो साफ चुकीचा आहे. बंदिस्त माशाची वाढ खुंटलेली दिसली, तर ते आजारपणाचे लक्षण समजावे. परंतु थंड समुद्रातली मुशी, म्हणजे लहान जातीचा शार्क, पाळताना आकाराइतकेच नडते ते तापमान.

ईशान्य अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातली ठिपकेदार कॅटशार्क हे तिचे चांगले उदाहरण. तिचे अंडे म्हणजे चार कोपऱ्यांतून वेटोळे तंतू फुटलेली तपकिरी, अर्धपारदर्शक पिशवी. मागून विजेरी धरली, तर आतले बोटाएवढे पिल्लू शेपटी सतत हलवताना दिसते. पिशवीच्या फटी उघडल्यानंतर समुद्राचे ताजे पाणी आत खेळते राहते, ते या हालचालीमुळेच.

एवढा आटापिटा ऑक्सिजनसाठी असतो. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर समुद्रजलात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. तेच पाणी २५ अंशांवर गेले की तो सुमारे पावणेसात मिलिग्रॅमवर येतो. मुशीचे शरीर सभोवतालच्या पाण्याइतकेच थंड वा उबदार असते आणि तापमान १० अंशांनी वाढले की तिची ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे पुरवठा घटत असतानाच मागणी वाढते. त्यात भर अशी, की उबेमुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरील पकड सैल होते. ऊतींना तो सोडणे सोपे जाते, पण कल्ल्यांपाशी तो उचलणे अवघड होते. (पोहणे थांबले की शार्क मरतो, ही दंतकथा येथे लागू नाही, ही मुशी तळाशी पडूनच तोंडाने कल्ल्यांवर पाणी ढकलते.)

त्यामुळे चिलर, म्हणजे टाकीचे पाणी थंड ठेवणारे यंत्र, ही चैन नसून गरज आहे. काच मात्र जाड किंवा दुहेरी हवी, नाहीतर उबदार, दमट खोलीत तिच्यावर दव साचून आतले काही दिसत नाही. प्रौढ मुशी साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर भरते, तेव्हा काही हजार लिटर पाण्याची आणि रुंद तळाची तयारी अंडे आणण्यापूर्वीच असावी. वीज गेली, तर बॅटरीवर आधी चालवायचा तो हवेचा पंप. एवढे पाणी तापायला बरेच तास लागतात, त्यातला ऑक्सिजन मात्र त्याआधीच उतरू लागतो.