प्रतिमल्लाला ग्रीक काय म्हणत?

प्राचीन ग्रीक भाषेत कुस्तीला ‘पाले’ म्हणत आणि त्यावरूनच प्रतिस्पर्ध्यासाठी ‘आन्तिपालोस’, म्हणजे समोर उभा ठाकलेला मल्ल, हा शब्द घडला. आपल्या ‘प्रतिमल्ल’ या शब्दाची घडणही अशीच आहे. ग्रीकांनी मात्र तो आखाड्याबाहेर नेला, इ. स. पू. पाचव्या शतकातील इतिहासकार थ्युसिडिडीझ याच्या लेखनात तो तुल्यबळ, समतोल अशा अर्थानेही येतो. ज्याच्याशी झुंजायचे तो तोलामोलाचा असावा, ही अपेक्षा त्या शब्दात मुरलेली दिसते.

स्पर्धेसाठीच्या ‘आगोन’ या शब्दाचा प्रवास मला याहून विलक्षण वाटतो. त्याच्या मुळाशी ‘नेणे, हाकणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्याचे संस्कृतातील सगोत्र रूप म्हणजे ‘अज्’ हा धातू, आणि ‘सम्’ लागून त्याच धातूपासून आपला ‘समाज’ शब्द बनला आहे. ‘आगोन’चाही जुना अर्थ लोकांचा जमाव असाच होता, पुढे लोक ज्यासाठी जमत त्या ऑलिंपियासारख्या ठिकाणच्या चढाओढींना तेच नाव पडले. ‘आगोनिआ’ म्हणजे प्रथम झुंज आणि नंतर झुंजणाऱ्याच्या मनाची घालमेल. इंग्रजीतला ‘अ‍ॅगनी’ हा शब्द तिथूनच आला.

चढाओढ चांगली की वाईट, याचाही विचार ग्रीकांनी शब्दांतूनच केला. इ. स. पू. 700 च्या सुमारास हेसिअड या कवीने कलहाच्या देवता, म्हणजे ‘एरिस’, दोन असल्याचे सांगितले: एक युद्ध पेटवते, तर दुसरी शेजाऱ्याची भरभराट दाखवून आळशालाही नांगराला जुंपते. या दुसरीमुळेच, तो म्हणतो, कुंभार कुंभारावर चिडतो आणि गायक गायकाचा हेवा करतो. अ‍ॅरिस्टॉटलने पुढे भावनांमध्येच भेद केला. दुसऱ्याजवळचे चांगले आपणही मिळवावे, ही तळमळ म्हणजे ‘झेलोस’. ते त्याच्याजवळ असूच नये, ही जळफळ म्हणजे ‘फ्थोनोस’. दोन्ही भावना उपजतात त्या बरोबरीच्या माणसांविषयी, हे त्याचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते.

हेसिअडच्या कुंभारांचा जणू पुरावाच म्युनिक येथील संग्रहालयात आहे. इ. स. पू. 510 च्या सुमारास अथेन्समधील युथिमिडीझ या चित्रकाराने एका रांजणावर नाचणाऱ्या तीन पुरुषांची चित्रे काढली, त्यावर आपले नाव घातले आणि शेजारी समकालीन चित्रकाराला उद्देशून लिहिले: ‘युफ्रोनिऑसला असे कधीच जमले नाही.’