चाके नसलेले लढाऊ जेट

सुरुवातीची जेट इंजिने इंधन भसाभस पीत. त्यामुळे अमेरिकेच्या बी-३६ या प्रचंड बॉम्बफेकी विमानासोबत शत्रूच्या मुलखापर्यंत जाईल असे रक्षक जेट मिळेना. मॅकडॉनेल कंपनीने तोड काढली: रक्षक विमान बॉम्बरच्या पोटातच न्यायचे, गरज पडली की सोडायचे, लढाई झाली की परत आत ओढून घ्यायचे.

एक्सएफ-८५ गॉब्लिन या नावाच्या ह्या रक्षक विमानाचे सगळे मोजमाप बॉम्बकप्प्यानेच ठरवले. लांबी जेमतेम ४.५ मीटर; पंखांचा पसारा ६.४ मीटर, तेही वर दुमडणारे. त्यात एक जे-३४ जेट इंजिन आणि अर्ध्या इंचाच्या चार मशीनगन. चाकांना जागाच उरली नाही. पोटाखाली आणीबाणीसाठी पोलादी घसरपट्टी, आणि नाकावर वर उचलता येणारा आकडा. बॉम्बरमधून खाली सोडलेल्या झोक्याच्या दांडीत वैमानिकाने हा आकडा अडकवायचा.

बी-३६ हाताशी नसल्याने चाचण्यांसाठी बी-२९ हे बॉम्बर घेतले. २३ ऑगस्ट १९४८ रोजी चाचणी वैमानिक एडविन शॉक यांनी कॅलिफोर्नियातल्या मुरॉक हवाईतळावर पहिले मुक्त उड्डाण केले. सुटणे सोपे गेले. परतताना झोक्याचा तडाखा बसून कॉकपिटचे छत फुटले, हेल्मेट आणि मास्क उडून गेले. शॉक यांनी कोरड्या तलावावर विमान पोटावर उतरवले.

गडबड हवेत होती. मोठे विमान जाताना त्याच्याभोवतीचा प्रवाह वाकतो, दाब बदलतो आणि खाली हवेची जणू उशी तयार होते. दांडीजवळ आले की हलके गॉब्लिन या उशीवर हेलकावे खाई. बुटक्या धडामुळे शेपटी गुरुत्वमध्याच्या फार जवळ, म्हणजे नाक सावरायला तरफ आखूड. त्यात उचललेला आकडा गुरुत्वमध्याच्या पुढे. तो तिथे उलट्या शेपटीसारखा वागे आणि नाक आणखी भरकटे. पुढे पंखांच्या टोकांना उभे पडदे जोडून डागडुजी करावी लागली.

सात उड्डाणांत आकडा बसला तीनदाच. एकूण उड्डाण २ तास १९ मिनिटे. हजार किलोमीटरपलीकडच्या वेगाचा अंदाज होता, चाचणीत मजल ताशी ५८० किलोमीटरच्या आसपास थांबली. आणि हे निष्णात चाचणी वैमानिकाच्या हातून, गोळीबार नसताना! लढाईतून थकून परतणाऱ्या सामान्य वैमानिकाला हे जमणे कठीणच होते. तोवर हवेतल्या हवेत इंधन भरण्याचे तंत्रही हाती येऊ लागले होते. १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रकल्प गुंडाळला. बनलेली दोन्ही विमाने आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत.