पावडर टाकली की विहीर शुद्ध होते का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एक समज पक्का आहे: सार्वजनिक विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की पाणी निर्धोक. हे अर्धंच खरं. पावडरीतला क्लोरीन जंतू मारतो. पण नायट्रेट, म्हणजे खतातून-मैल्यातून पाण्यात उतरणारा नत्राचा क्षार, तसाच राहतो. तो उकळूनही जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅमची. त्यापुढे सर्वाधिक धोका तान्ह्या बाळांना, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते.

हे नायट्रेट येतं शेजारच्या जमिनीतून: उसाच्या युरियातून, उकिरड्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून. माती सगळं गाळते म्हणतात, पण विरघळलेलं नायट्रेट ती धरून ठेवत नाही. जांभ्याच्या छिद्रांतून, काळ्या खडकाच्या भेगांतून तर पाणी भराभर उतरतं. मोठ्या पावसानंतर विहिरीत डोकावून बघा, उकिरड्याच्या अंगाला दगडांच्या सांध्यांतून तपकिरी ओघळ दिसतात का ते.

कर्नाटकाच्या 1999 च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोताच्या 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर, बोअर खोदता येत नाही. चांगलंच आहे, पण त्याने पाणी आटणं टळतं, बिघडणं नाही. त्यासाठी उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नकोच, हे ग्रामसभेने ठरवायला हवं.