सिरीजचा बल्ब कोणाला वाचवतो?

मे महिन्यात जळगावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात बसलो होतो. बाहेर ४४ अंश, पंखा नुसती झळ फेकत होता. कारागिरापुढे टीव्हीचा पॉवर सप्लाय उघडा, करंट चालू आणि त्याची बोटं घामेजलेली. मी म्हटलं, "भाऊ, जपून." तो हसला. "सिरीजवर शे भाऊ, काही व्हत नही."

हे वाक्य मी भुसावळला ऐकलंय, धुळ्यातही ऐकलंय. सिरीज बोर्ड म्हणजे फेजच्या वाटेत जोडलेला शंभर वॅटचा पिवळा बल्ब. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि पुढचे पार्ट जळायचे वाचतात. युक्ती नामी आहे, पण ती पार्टसाठी.

कारण त्या बल्बच्या तारेत आहे. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. पूर्ण पेटलेल्या बल्बचा रोध काढा: २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटर लावा, ४० च्या आसपास दाखवेल. सेट शॉर्ट झाला की सगळे २३० व्होल्ट बल्बवर पडतात, तार तापते, रोध दहा-बारा पट होतो आणि करंट अर्ध्या अँपिअरखाली अडतो.

आता शॉर्टच्या जागी माणूस ठेवा. या हातापासून त्या हातापर्यंत शरीराचा रोध १५०० ओहम धरू. घामात तो आणखी कमी. बल्बची तार जेमतेम लालसर होऊन २०० ओहमपर्यंत जाईल. एकूण १७००. २३० ला १७०० ने भागा: सुमारे १३५ मिलिअँपिअर. घरातली आरसीसीबी (जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमध्ये फरक दिसला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला पडते, ती उगाच नाही. इथे त्याच्या चौपट करंट छातीतून जातोय आणि बल्ब धड पेटलेलासुद्धा नाही. आणि एक हात फेजवर, दुसरा न्यूट्रलवर असेल तर आरसीसीबीला जाणारा आणि येणारा करंट सारखाच दिसतो. ती पडणार नाही.

म्हणून जुने कारागीर डावा हात पाठीमागे ठेवतात. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेनच्या वायरीपासून वेगळा ठेवणारा) असेल तर एका टोकाला हात लागून जमिनीकडे वाट मिळत नाही. दोन्ही टोकांना दोन हात लावले तर मात्र तोही हतबल.

जाता जाता एक. शॉक लागलेल्याला मातीत पुरून ठेवलं की "करंट उतरतो" असं अजूनही सांगितलं जातं. करंट शरीरात साठत नाही, उतरणार काय? आधी मेन स्विच बंद करा, १०८ ला फोन लावा. माणूस बेशुद्ध असेल, नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा.

चार्ज साठतो तो कपॅसिटरमध्ये. २३० व्होल्टचं शिखर असतं ३२५, आणि एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या पुलानंतरचा मोठा कपॅसिटर तिथवर भरतो. गंमत अशी की चालू सेट प्लग काढल्यावर तो स्वतःच रिकामा करतो. बिघडलेला सेट बरेचदा करंट खातच नाही, म्हणून दुरुस्तीला आलेल्या बोर्डावरच कपॅसिटर भरलेला राहू शकतो.

त्या दिवशी मी कारागिराला प्लग काढायला लावला. चहा मागवला, संपवला. मग कपॅसिटरवर मीटर लावला: २९० व्होल्ट. त्याने काही न बोलता खणातून २.२ किलोओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर काढला, पक्कडीत धरला आणि दोन टोकांवर टेकवला. पक्कडीच्या मुठींना रबर होतं. डावा हात पाठीमागे होता.