फ्यूज राखतो तो तारेला

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर गाणी वाजवत कारखान्याकडे जात असतात. सीटमागच्या अँप्लिफायरला बॅटरीतून येणाऱ्या तारेवर फ्यूज आहे का, असे विचारले की ‘अँपला मागे दोन आहेत की’ असे उत्तर येते. डिक्कीत मोठे सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या सुरांचे म्हणजे बासचे स्पीकर) बसवून घेणारी बेळगावची तरुण मंडळीही हेच सांगतात. उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. ते फ्यूज अँपच्या आतल्या बिघाडासाठी असतात. कारमध्ये बॅटरीपासून डिक्कीपर्यंतची चार-पाच मीटर तार मात्र त्यांच्या अलीकडे, म्हणजे संरक्षणाविनाच राहते.

ही तार इंजिनाकडून आत शिरते तिथे पत्र्याच्या भोकाची कड धारदार असते. भोकाच्या कडेवर रबरी ग्रोमेट (तारेला कड लागू न देणारे कडे) बसवलेले नसेल, तर हादऱ्यांनी इन्सुलेशन घासत जाते आणि एक दिवस तांबे पत्र्याला टेकते. पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असल्यामुळे तिथेच शॉर्ट होतो. बॅटरीचा अंतर्गत रोध काही सहस्रांश ओहमच असतो, त्यामुळे जाड तारेतून हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहू शकतो. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दसपट झाला की उष्णता शंभरपट. इन्सुलेशन वितळून खालचे कार्पेट पेट घेते आणि डिक्कीतल्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण हा प्रवाह तिथवर पोहोचतच नाही. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून फार तर 45 सेंटिमीटरवर हवा. डिक्कीत दुसरी बॅटरी असेल तर तारेच्या दोन्ही टोकांना एकेक हवा, कारण तिथे आगीला दोन्हीकडून इंधन मिळते.

फ्यूज किती अँपिअरचा, हे तारेवरून ठरते. खऱ्या 1000 वॅटचा (खोक्यावर छापलेल्या 5000 वॅटचा नव्हे) क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) अँप 80 टक्के कार्यक्षमतेने चालला, तर त्याला 1250 वॅट लागतात; 13.8 व्होल्टला ते सुमारे 90 अँपिअर होतात. यासाठी 21 चौरस मिलिमीटरची, म्हणजे 4 गेजची, शुद्ध तांब्याची तार आणि 100 अँपिअरचा फ्यूज ठीक. त्याऐवजी 8 चौरस मिलिमीटरची तार टाकली, तर पाच मीटरमध्ये जवळजवळ 87 वॅट उष्णता कार्पेटखाली निघत राहील. जाड तारेत ती 33 वॅट असते. बारीक तारेला 50 अँपिअरचा फ्यूज योग्य. तो वारंवार उडू लागला की तिथे 100 चा बसवणे ही सर्वांत घातक दुरुस्ती आहे. बदलायची असते ती तार. स्वस्त किटमधली तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरट धातू दिसला, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे आणि तिचा फ्यूज आणखी लहान हवा.

फ्यूज आकड्यावर नेमका उडतो, हाही एक गैरसमज आहे. गाडीतल्या साध्या पात्याच्या फ्यूजमधून 35 टक्के जास्त प्रवाह गेला, तरी तो पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत तग धरू शकतो. बासचा क्षणिक जोर तो सोसतो ते याचमुळे. अशा फ्यूजची पट्टी बहुधा जस्ताची असते. उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणाऱ्याला सांगायला नको की जस्त 420 अंशांच्या आसपास वितळते, तर तांब्याला 1085 अंश लागतात. उडालेल्या फ्यूजवर तांब्याचे चार धागे गुंडाळले की ते कधी तुटतील याचा काही भरवसा उरत नाही.

फ्यूजला न कळणारा एक दोष उरतो, तो म्हणजे सैल जोड. बोल्ट ढिला असला, तर प्रवाह मर्यादेतच राहतो आणि फ्यूज उडत नाही, पण सगळी उष्णता त्या एका सांध्यावर साठून फ्यूज बसवलेल्या होल्डरचे प्लास्टिक मऊ पडते. अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवून, गाडी बंद करून होल्डरला हात लावून पाहावा. चटका बसला तर जोड उघडून, घासून, पुन्हा घट्ट आवळावा.