पाब्लो नेरुदा : सिनेटमधील कारकीर्द

चिलीचे नोबेलविजेते कवी पाब्लो नेरुदा (१९०४–१९७३) १९४५ साली देशाच्या सिनेटवर निवडून आले. मुदत आठ वर्षांची होती. सभागृहात त्यांना जेमतेम तीन वर्षे मिळाली. कवीच्या चरित्रात हा काळ अनेकदा दोन ओळींत उरकला जातो, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

त्यांचा मतदारसंघ म्हणजे उत्तरेकडील तारापाका व आंतोफागास्ता, अटाकामा वाळवंटातला नायट्रेट आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवारीवर, एलियास लाफेर्ते या जुन्या कामगार नेत्यासोबत ते विजयी झाले. पक्षाचे रीतसर सभासदत्व त्यांनी नंतर, जुलैमध्ये घेतले. चिलीच्याच कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल यांना नोबेल जाहीर झाल्यावर त्यांनी सिनेटमध्ये गौरवपर भाषण केले; स्त्रियांच्या मताधिकाराचीही बाजू मांडली.

१९४६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते गाब्रिएल गोन्सालेस विदेला यांचे प्रचारप्रमुख होते. कम्युनिस्टांच्या मतांमुळे विदेला निवडून आले, पक्षाला तीन मंत्रिपदेही मिळाली. पण १९४७ च्या एप्रिलमध्ये त्या मंत्र्यांना बाहेरची वाट दाखवण्यात आली. त्याच वर्षी लोता येथील कोळसा कामगारांचा संप सरकारने सैन्य घालून मोडला. पकडलेल्यांपैकी अनेकांना पिसाग्वा या ओसाड बंदराच्या छावणीत डांबले. पिसाग्वा तारापाकातच येते, म्हणजे नेरुदांच्या स्वतःच्या मतदारसंघात. तिथे पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांत आउगुस्तो पिनोचे नावाचा एक तरुण कॅप्टन होता, पुढे चिलीचा लष्करी हुकूमशहा झालेला.

देशात वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने नेरुदांनी या दडपशाहीविरुद्धचे आपले जाहीर पत्र नोव्हेंबरमध्ये व्हेनेझुएलातील काराकासच्या ‘एल नासिओनाल’ या वृत्तपत्रात छापवले. नेरुदांचे संसदीय संरक्षण, म्हणजे सदस्याला खटला व अटकेपासून मिळणारे कवच, काढून घेतले जावे म्हणून अध्यक्ष विदेला यांनी न्यायालयात धाव घेतली. ६ जानेवारी १९४८ रोजी नेरुदा सिनेटमध्ये बोलायला उभे राहिले. ते भाषण पुढे ‘मी आरोप करतो’ या नावाने ओळखले गेले. त्यात त्यांनी छावणीतल्या कैद्यांची नावे वाचून दाखवली. ज्यांच्या अटकेबद्दल छापायची सोय नव्हती, त्यांची नावे अशी संसदेच्या कामकाजात आली. एका लोकप्रतिनिधीने आपल्या मतदारांसाठी करावे असे याहून मोठे काम क्वचितच सापडेल.

महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे संरक्षण काढले आणि लगेच अटकेचा हुकूम निघाला. सप्टेंबरमध्ये ‘लोकशाहीच्या कायमस्वरूपी संरक्षणाचा कायदा’ करून कम्युनिस्ट पक्षावरच बंदी आली, हजारोंची नावे मतदारयाद्यांतून कापली गेली. नेरुदा वर्षाहून अधिक काळ घरे बदलत भूमिगत राहिले. ‘कान्तो हेनेराल’ या महाकाव्यसदृश ग्रंथाचा मोठा भाग याच काळात लिहून झाला. १९४९ मध्ये त्यांनी दाढी वाढवून, बनावट ओळखपत्र घेऊन, दक्षिणेकडील अँडीज पर्वत घोड्यावरून ओलांडला आणि अर्जेंटिना गाठले.

१९५२ मध्ये ते मायदेशी परतले. बंदीचा कायदा १९५८ साली रद्द झाला. सिनेटवर मात्र ते पुन्हा गेले नाहीत. १९६९ मध्ये पक्षाने त्यांना अध्यक्षपदाचे उमेदवार केले, पण पुढे त्यांनी समाजवादी नेते साल्वादोर आयेंदे यांच्यासाठी माघार घेतली. आयेंदेही १९४५ च्या त्याच निवडणुकीत पहिल्यांदा सिनेटर झाले होते.