आईवडिलांकडून आलेले कोरीव रिव्हॉल्व्हर: नक्षीमागचा इतिहास

अमेरिकेत वडिलांच्या माघारी कपाट आवरताना कित्येकांच्या हाती एखादे कोरीव रिव्हॉल्व्हर लागते. नळीवर वेलबुट्टी, मुठीला पिवळसर पडलेला हस्तिदंत, निळ्या झिलईतून जागोजागी डोकावणारे करडे पोलाद. पहिला मोह होतो तो घासूनपुसून ते लखलखीत करण्याचा. हा मोह का आवरायचा, ते या नक्षीच्या इतिहासातच आहे.

सॅम्युअल कोल्टला फिरत्या सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) हत्याराचे अमेरिकी पेटंट 25 फेब्रुवारी 1836 रोजी मिळाले. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावातला त्याचा पहिला कारखाना 1842 मध्ये बुडाला. 1847 च्या वजनदार ‘वॉकर’ रिव्हॉल्व्हरने त्याचे बस्तान पुन्हा बसवले. या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर टेक्सास रेंजर (टेक्सासचे सशस्त्र स्वार) आणि कोमांची ही मूळ अमेरिकी जमात यांच्या चकमकीचे चित्र आहे. मात्र ते हाताने कोरलेले नाही. नोटांसाठी कोरीव काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या वॉटरमन ऑर्म्सबी याने ते पोलादी साच्यावर कोरले, आणि कारखान्यात तो साचा दाबून सिलिंडरवर फिरवला जाई. 1851 च्या ‘नेव्ही’ मॉडेलवरची 16 मे 1843 ची सागरी लढाई अशीच उमटवलेली. शोभा तर होतीच, शिवाय नक्कल करणाऱ्यांना अडसरही. वारसदाराने हा फरक आधी ओळखावा: दाबून उमटवलेले चित्र उथळ असते. पन्नास वर्षे कातडी म्यानात घासले गेलेले असेल तर त्यातली जहाजे जवळजवळ विरलेली दिसतात, आणि जी उरली आहेत ती पॉलिशच्या एका हातात जातात.

हातची नक्षी ही निराळी परंपरा, आणि ती बव्हंशी जर्मन कारागिरांनी अमेरिकेत आणली. प्रशियातून आलेला गुस्टाव यंग कोल्टचे काम पाही. 1854 मध्ये कोल्टने रशियाचा झार पहिला निकोलस याला सोन्याचे जडावकाम केलेले रिव्हॉल्व्हर नजर केले. कोल्ट असल्या भेटी भक्तिभावाने देत नसे. राजाच्या हाती दिसलेल्या एका शस्त्रामागे सैन्याच्या मागण्या येतात, हे तो पक्के ओळखून होता. पुढे यंग स्प्रिंगफील्डला स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या शस्त्रकंपनीकडे गेला आणि त्याच्या मुलांनीही हीच छिन्नी हाती घेतली. कोल्टच्या कंपनीत कोरीवकामाला कुनो हेल्फ्रिख्ट 1871 पासून 1921 पर्यंत होता. 1916 मध्ये जॉर्ज पॅटनने (पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला अमेरिकी सेनानी) घेतलेले हस्तिदंती मुठीचे रिव्हॉल्व्हर त्याच काळातले. न्यूयॉर्कच्या लुई निम्श्के याने पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टचे कोल्ट रिव्हॉल्व्हर कोरले. या निम्श्केची एक सवय मला फार आवडते. काम हातावेगळे करण्यापूर्वी तो नक्षीचा कागदावर ठसा घेऊन ठेवी. ती वही टिकली, म्हणून सही नसलेली कितीतरी शस्त्रे आज त्याची म्हणून ओळखता येतात.

नक्षी कोरली जाई ती झिलई चढण्याआधी, पोलाद नरम असताना. छिन्नीचा प्रत्येक काप धारदार कडेचा, मधली पार्श्वभूमी बारीक ठिपक्यांनी खडबडीत केलेली. सगळी शोभा या उंचसखलपणात आणि त्यावर पडणाऱ्या सावलीत आहे. फिरते पॉलिशचक्र लावले की कडा गोल होतात, ठिपके पुसट होतात. वरून नवी निळी झिलई चढवली तरी गेलेली धार परत येत नाही. संग्राहक झिजलेल्या मूळ झिलईला अधिक मोल देतात ते याचमुळे.

मग करायचे काय? फारसे काही नाही. बोटांतल्या घामाने गंज धरतो, म्हणून हाताळून झाले की मऊ फडक्याने पुसावे आणि संग्रहालयांत वापरतात तसल्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर द्यावा. निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचे द्रावण टाळावे. निकेलखाली तांब्याचा थर असेल तर ते त्यालाच खाते. कातडी म्यान वेगळे ठेवावे, कारण कातडे ओलावा धरते आणि ते कमावताना वापरलेले पदार्थ पोलादाला बाधतात. हस्तिदंताला तेल लावू नये. फार कोरड्या हवेत त्याला तडे जातात. स्क्रू उगाच खोलू नयेत. त्यांच्या डोक्यांवरही नक्षी असते आणि बेमापाचा पेचकस एका झटक्यात ती खरवडतो.

गोळी झाडायची इच्छा असेल, आणि ती असणे अगदी स्वाभाविक आहे, तर आधी जाणकार बंदूक-कारागिराकडून तपासून घ्यावे. काळ्या दारूच्या (बंदुकीत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या धूर करणाऱ्या दारूच्या) काळातल्या सिलिंडरला आजच्या धूरविरहित दारूचा दाब पेलवेलच असे नाही. काळी दारू वापरली तर तिची राख ओलावा ओढते. त्याच दिवशी साफसफाई हवी.

1968 च्या संघीय कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेली शस्त्रे ‘प्राचीन’ म्हणून वेगळी काढली आहेत, आणि दुसऱ्या राज्यातल्या मृत नातेवाइकाकडून वारसाने शस्त्र मिळण्यालाही सवलत आहे. राज्यांचे नियम मात्र निरनिराळे. आफ्रिकी हस्तिदंताच्या विक्रीवर 2016 पासून कडक बंधने आली. वारसाने आलेली मूठ जवळ ठेवायला त्यांची आडकाठी नाही.

निम्श्केच्या वहीचे काम आता कॅमेरा करतो. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे, सिलिंडरचे आणि अनुक्रमांकाचे फोटो काढावेत. सोबत एका कागदावर लिहावे: वडिलांनी ते कधी घेतले, कोणाकडून घेतले, मुठीवरचा तो ओरखडा कशाचा.